क्रांतिक तापमानाच्या खाली असूनही दोन फेज का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात काही चुकलं असेल तर तिथेच सांगा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही द्विमितीय आयझिंग मॉडेलची एक पट्टी घेतली आहे, म्हणजे जाळीवर मांडलेले, अधिक किंवा उणे असू शकणारे आणि शेजाऱ्यासारखं राहणं पसंत करणारे स्पिन. रुंदी २४ स्पिन, लांबी २४०. लांबीची दोन टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे त्या दिशेला भिंत नाही. रुंदीला मात्र दोन्ही बाजूंनी भिंत आहे. डावी भिंत अधिक स्पिनला ओढते, उजवी उणे स्पिनला. दोन्हींची ओढ सारखीच, शेजारी स्पिनमधल्या जोडणीच्या निम्मी, म्हणजे ०.५. बाहेरचं क्षेत्र शून्य. ऑनसागरने १९४४ मध्ये काढलेलं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर अधिक-उणे फेजमधला भेदच उरत नाही ते) २.२६९, म्हणून तुम्ही २.१ धरलंत. त्याच्या खाली आहोत म्हणजे दोन फेज मिळणार, एक बहुतांश अधिक स्पिनांची आणि एक बहुतांश उणे स्पिनांची, अशी अपेक्षा. पण एकूण चुंबकनाची (सगळ्या स्पिनांच्या बेरजेची) कोणती किंमत किती वेळा येते याचा आलेख काढल्यावर शून्यावर एकच उंचवटा आला. मार्गदर्शक म्हणाले, भिंतीच्या पदाचं चिन्ह कुठेतरी चुकलंय. दोन आठवडे कोड ओळ-ओळ तपासला, चूक सापडत नाही. ती कुठे असेल, असं तुम्ही विचारता आहात. (तापमान मीही तुमच्यासारखंच जोडणी भागिले बोल्ट्झमान स्थिरांक या एककात लिहितोय.)

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे तो निर्दोष आहे अशी खात्री देऊ शकत नाही. पण तुम्ही जे आकडे दिलेत त्यांना एकच उंचवटा हेच बरोबर उत्तर आहे. दोन उंचवटे आले असते तर मी कोडवर संशय घेतला असता. अडचण तापमानाच्या तुलनेत आहे. तुम्ही २.१ ची तुलना २.२६९ शी केलीत. विरुद्ध ओढीच्या दोन भिंतींमध्ये ती तुलना भिंत ओलावण्याच्या तापमानाशी (भिंतीवर तिच्या आवडत्या फेजचा अखंड थर पसरतो त्या तापमानाशी) करावी लागते, आणि तुमच्या भिंतीसाठी ते १.९६ च्या आसपास आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण याच ठिकाणी माझेही आठवडे गेले आहेत. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात असाच एकच उंचवटा बघून मी तीन आठवड्यांची गणितं चुकीची समजून पुसून टाकली. ती बरोबर होती. त्यामुळे तुमच्या फाइली अजून असतील तर कृपा करून जपून ठेवा, त्या प्रकल्पात वापरता येतील.

आता कारण. अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. थेंब गोळा होऊन बसतो, पान जरा कललं की घरंगळून जातो. तेच पाणी स्वच्छ काचेवर टाकलं तर पसरतं. या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे सगळे पृष्ठभाग येतात, आणि थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्या स्पर्शकोनावरून कोणता पृष्ठभाग कुठे बसतो ते कळतं. यंगने १८०५ मध्ये यामागचा हिशेब सांगितला. भिंतीला नावडती फेज चिकटली तर किती ऊर्जा लागते आणि आवडती चिकटली तर किती, यांतला फरक म्हणजे दोन फेजमधला पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाचा कोसाइन. हा फरक पृष्ठताणाएवढा झाला की कोन शून्य होतो आणि आवडत्या फेजचा अखंड थर भिंतीवर पसरतो. तीच भिंत पूर्ण ओलावली.

तापमान वाढवत नेलं की हे केव्हातरी घडतंच, असा युक्तिवाद कानने १९७७ मध्ये मांडला. क्रांतिक तापमानाकडे जाताना पृष्ठताण शून्याकडे जातो, आणि भिंतीच्या आवडी-नावडीतला फरकही शून्याकडे जातो. पण पृष्ठताण जास्त वेगाने घटतो. तुमच्या द्विमितीय मॉडेलमध्ये, भिंतीची ओढ लहान असताना, पृष्ठताण क्रांतिक तापमानापासूनच्या अंतराच्या सरळ प्रमाणात घटतो आणि भिंतीचा फरक त्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे क्रांतिक तापमान गाठायच्या आधीच कुठेतरी दोघं सारखे होतात. तेच ओलावण्याचं तापमान, आणि ते नेहमी क्रांतिक तापमानाच्या खाली असतं.

हे तापमान तुम्हाला अंदाजाने शोधायची गरज नाही. एब्रहमने १९८० मध्ये द्विमितीय आयझिंगसाठी ते अचूक काढलं आहे. जोडणी भागिले तापमान याला 'क' म्हणा आणि भिंतीची ओढ भागिले तापमान याला 'ह'. मग अट अशी:

घातांकी(२क) × [कॉस-एच(२क) − कॉस-एच(२ह)] = साइन-एच(२क)

ओढ शून्य ठेवली तर हे समीकरण थेट २.२६९ देतं, ते करून बघा, म्हणजे सूत्र बरोबर उतरवलंय याची खात्री पटेल. ओढ ०.२५ असेल तर उत्तर येतं २.१९. तुमच्या ०.५ साठी १.९५८. ओढ ०.८ असेल तर १.४१. ओढ १ झाली की भिंत कितीही कमी तापमानाला ओली. आणखी एक गोष्ट यात दिसते: ओढ ०.५ वरून ०.२५ केली की क्रांतिक तापमानापासूनचं अंतर ०.३११ वरून ०.०७६ वर येतं, म्हणजे जवळजवळ पाव. कानच्या युक्तिवादातलं ते वर्गमूळ इथे असं आकड्यांत उतरतं.

तर तुमचं २.१ हे १.९५८ आणि २.२६९ यांच्या मध्ये आहे. त्या पट्ट्यात डावी भिंत अधिक फेजने पूर्ण ओली, उजवी उणे फेजने पूर्ण ओली. दोन्ही फेज पट्टीत आहेतच, शेजारी-शेजारी. त्यांच्यामधला इंटरफेस, म्हणजे दोघांमधली सीमारेषा, कुठल्याच भिंतीला चिकटायला तयार नाही. तो मधल्या मोकळ्या जागेत हेलकावत राहतो, कधी डावीकडे झुकतो, कधी उजवीकडे. लांबीच्या बाजूने थोडं पुढे गेलं की आधीचा झुकाव विसरला जातो, म्हणून संपूर्ण पट्टीची बेरीज केली की अधिक-उणे फिटतं आणि शून्यावर एकच उंचवटा उरतो. सहअस्तित्व म्हणजे 'पट्टीत दोन्ही फेज दिसणं' असं आपण धरून चालतो आणि तिथे फसतो. सहअस्तित्वासाठी संपूर्ण पट्टीला दोन वेगवेगळ्या स्थिर अवस्था हव्यात: एक बहुतांश अधिकची, एक बहुतांश उणेची. २.१ ला तुमच्या पट्टीला अवस्था एकच आहे.

खात्री करायची असेल तर सरासरी बाजूला ठेवा आणि पट्टीचं एकच क्षणचित्र छापा. सरासरी आलेख भिंतीपासून भिंतीपर्यंत गुळगुळीत उतरत जाईल आणि सगळं विस्कळीत झाल्यासारखं वाटेल. एका चित्रात मात्र इंटरफेसची वेडीवाकडी रेघ स्पष्ट दिसेल. तिच्या एका बाजूला चुंबकन +०.८७ च्या आसपास, दुसऱ्या बाजूला −०.८७ च्या आसपास. यांगच्या १९५२ च्या सूत्रातून २.१ ला ०.८७ हाच आकडा येतो. रुंदी फक्त २४ असल्यामुळे तो नेमका मिळणार नाही, पण जवळपास मिळाला तर समजा तुमचे स्पिन नीट वागताहेत.

१.९५८ च्या खाली काय बदलतं? मला ही गोष्ट कागदावर एक आकृती काढल्यावर नीट समजली, तुम्हीही काढा. आता स्पर्शकोन शून्य नाही, म्हणून इंटरफेस एखाद्या भिंतीला चिकटून राहणं पसंत करतो. उजवीला चिकटला तर पट्टी बहुतांश अधिक, डावीला चिकटला तर बहुतांश उणे. झाल्या दोन अवस्था. एकीतून दुसरीत जायचं तर इंटरफेसला पट्टी ओलांडावी लागते. तो सरळ आडवा जात नाही, स्पर्शकोनाएवढा तिरका जातो. तिरक्या भागाची लांबी रुंदी भागिले कोनाचा साइन. तेवढ्या भागाला पूर्ण पृष्ठताण मोजावा लागतो, पण तेवढ्याच टप्प्यातलं भिंतीला चिकटून राहण्याचं मोल वाचतं. वजाबाकी केली की ओलांडण्याची निव्वळ किंमत उरते: पृष्ठताण गुणिले रुंदी गुणिले स्पर्शकोनाचा साइन. तापमान ओलावण्याच्या तापमानाकडे नेलं की कोन शून्याकडे जातो, त्याचा साइन शून्याकडे जातो, ओलांडायला काहीच पडत नाही, आणि दोन अवस्थांचा वेगळेपणा तिथेच संपतो. पृष्ठताण अजून शाबूत असतो, क्रांतिक तापमान अजून दूर असतं, तरीही. पॅरी आणि इव्हान्स यांनी १९९० मध्ये हेच दाखवलं: विरुद्ध भिंतींमधलं अंतर कितीही वाढवलं तरी सहअस्तित्व संपण्याचं तापमान ओलावण्याच्या तापमानाकडेच सरकतं, मोकळ्या पदार्थाच्या क्रांतिक तापमानाकडे सरकत नाही. मोठी पट्टी घेतली की भिंतींचा परिणाम पुसला जाईल, ही आपली नेहमीची सवय इथे लागू पडत नाही.

आकडे घालतो. तापमान १.६, ओढ ०.५. पृष्ठताण भागिले तापमान ०.६६ येतो, स्पर्शकोन जवळपास ३७°. रुंदी २४ धरली तर ओलांडण्याची किंमत तापमानाच्या सुमारे ९.५ पट. जाळीच्या दिशाभेदाकडे इथे दुर्लक्ष केलंय, पण तो धरला तरी आकडा फारसा हलत नाही. घातांकी ९.५ म्हणजे तेरा हजारांच्या घरात. एवढ्या लांबीत सरासरी एखादंच ओलांडणं होईल आणि तुमची पट्टी २४० ची आहे, म्हणजे दोन उंचवटे अगदी स्वच्छ मिळायला हवेत.

यावरूनच २.१ बद्दल आणखी एक गोष्ट कळते, ती मार्गदर्शकांनाही सांगा. त्या तापमानाला पृष्ठताण भागिले तापमान फक्त ०.१३९ आहे. २४ ने गुणलं तर ३.३. भिंतींची ओढ पूर्ण काढून टाकली असती तरी एका फेजचा सलग तुकडा ढोबळ हिशेबाने शंभर स्पिनांच्या आसपासच लांब राहिला असता आणि २४० च्या पट्टीत दोन स्वच्छ उंचवटे तेव्हाही दिसले नसते. म्हणजे २.१ ला ही रुंदी दोन फेज बघायला मुळातच अपुरी होती.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. पहिली गोष्ट, सांत रुंदीच्या द्विमितीय पट्टीत काटेकोर अर्थाने फेज-बदल नसतोच. लांबी अनंत केली की ओलांडणी कुठे ना कुठे होणारच. आपण बघतो तो गोलसर झालेला बदल असतो. त्रिमितीय फिल्म घेतली तर सांत जाडीलाही खरा बदल मिळतो. तिथे क्रांतिक तापमान ४.५१, आणि ओलावण्याच्या तापमानासाठी एब्रहमसारखं अचूक सूत्र नाही, ते आकडेमोडीने काढावं लागतं. शिवाय सुमारे २.४५ च्या खाली इंटरफेस खडबडीत न राहता जाळीला धरून सपाट बसतो आणि थर एकेक करून वाढतात, ते प्रकरण वेगळंच. दुसरी गोष्ट, मधल्या पट्ट्यात हेलकावणाऱ्या इंटरफेसची आठवण किती लांबवर टिकते. द्विमितीत ती रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्रिमितीत घातांकी. त्रिमितीत जाडी थोडी वाढवली तरी गणित कित्येक पट लांबतं, हे आधीच लक्षात ठेवा. तिसरी, ओलावणं दर वेळी हळूहळूच होतं असं नाही. फक्त शेजारी स्पिनमध्ये जोडणी असलेल्या तुमच्या आयझिंगमध्ये ते सलग होतं, पण सीझियमवर द्रवरूप हीलियम साधारण २ केल्विनला एकदम उडी मारून ओलावतं. हीलियम जवळजवळ कुठल्याही पृष्ठभागावर पसरतं, सीझियम हा त्याला असलेला विरळ अपवाद. तुमच्या प्रकल्पाला याची गरज नाही, पण तोंडी परीक्षेत विचारलं जाऊ शकतं.

भिंती सारख्या ओढीच्या असत्या तर चित्र पार बदललं असतं. इथे नागपुरात मे महिन्यात कूलरच्या ताट्या सगळ्यांच्या ओळखीच्या. वाळ्याच्या दोन काड्यांमधल्या अरुंद फटीत पाणी अडकून राहतं, मोकळ्या पृष्ठभागावरचं केव्हाच उडून गेलेलं असतं. दोन्ही काड्या पाण्यालाच ओढतात, म्हणून फटीत पाण्याची फेज बाहेरच्यापेक्षा जास्त टिकते. यालाच केशिकेतलं संघनन म्हणतात. आयझिंगच्या भाषेत, दोन्ही भिंती अधिकला ओढत असतील तर सहअस्तित्व शून्य क्षेत्राला होत नाही, ते उणे क्षेत्राकडे सरकतं. किती, तर पृष्ठताण गुणिले कोसाइन भागिले (चुंबकन गुणिले रुंदी). केल्विनचा नियम तो हाच. रुंदी वाढवली की हे सरकणं कमी होत जातं आणि बदलाचं तापमान क्रांतिक तापमानाकडेच परत जातं. भिंती ओल्या असतील तर रुंदीतून दोन्ही बाजूंच्या थरांची जाडी वजा करायची, एवढी दुरुस्ती. मार्गदर्शकांच्या मनात बहुधा हेच चित्र असावं. ते चुकीचं नाही, पण ते तुमच्या भिंतींचं नाही.

विरुद्ध भिंतींची गोष्ट फक्त कागदावरची आहे असंही समजू नका. पॉलिमरच्या मिश्रणाची पातळ फिल्म घेतली तर एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला तळाचा पृष्ठभाग असतो, आणि दोघांची आवड वेगळी असू शकते. अशा फिल्ममध्ये इंटरफेसची मोजलेली रुंदी फिल्मच्या जाडीबरोबर वाढते, असे प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोकळ्या जागेत इंटरफेस जास्त हेलकावतो, त्याचा हा थेट पुरावा.

आता कामाचं. आधी कोडवरचा संशय कायमचा मिटवा, त्याला एक दुपार पुरते. रुंदी ३ आणि लांबी ४ अशी पट्टी घ्या. १२ स्पिन, ४०९६ अवस्था. सगळ्या मोजून सरासरी ऊर्जा आणि प्रत्येक ओळीचं चुंबकन अचूक काढा आणि मॉन्टे कार्लोशी, म्हणजे तुमच्या कोडने यादृच्छिक नमुने घेऊन काढलेल्या उत्तरांशी, ताडून बघा. चिन्हाची चूक असेल तर इथे सुटूच शकत नाही. दुसरी चाचणी मला फार आवडते: ओढ १ ठेवा आणि एकदा गणित करा, मग भिंतीचं पद काढून त्या जागी एक गोठवलेली स्पिनांची ओळ ठेवा आणि पुन्हा करा. दोन्ही उत्तरं त्रुटीच्या मर्यादेत तंतोतंत जुळायला हवीत, कारण दोन्ही एकच मॉडेल आहे.

मग १.६ ला या. इथे एक खड्डा आहे. मेट्रोपोलिसने (एकेक स्पिन उलटवून बघण्याच्या साध्या पद्धतीने) चालवलं तर पट्टी सुरुवातीला ज्या बाजूला गेली तिथेच अडकून बसेल आणि तुम्हाला एकच उंचवटा दिसेल, फक्त आता शून्यापासून दूर. घाबरू नका. एकदा सगळे स्पिन अधिक ठेवून सुरुवात करा, एकदा सगळे उणे ठेवून. एकदा +च्या बाजूला आणि एकदा −च्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर उंचवटा मिळाला की सहअस्तित्व सापडलं. दोन्हींचं वजन सारखं आहे हे मोजायची गरज नाही. स्पिन उलटे केले आणि डावं-उजवं बदललं की पट्टी जशीच्या तशी राहते, म्हणून वजन सारखंच असणार. झुंड उलटवणाऱ्या पद्धतींच्या, स्वेंडसेन-वांग किंवा वोल्फच्या, मागे मात्र लागू नका. विरुद्ध ओढीच्या भिंती असल्या की त्यांचा फायदा बराचसा जातो. ५७६० स्पिन साध्या लॅपटॉपवरही साध्या पद्धतीने सहज होतात.

शेवटी बदलाचं तापमान काढायचं. १.६ ते २.१ मध्ये बारीक पावलांनी चाला. रुंदी १६, २४, ३२, ४८ घ्या. पण लांबी दर वेळी रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात बदला, सरळ प्रमाणात नको, कारण ओलावण्याजवळ लांबीच्या दिशेची आठवण वर्गाने वाढते. वर्गाच्या निम्मी धरली तर लांब्या येतात १२८, २८८, ५१२, ११५२. प्रत्येकीसाठी बिंडरचा क्युम्युलंट (चुंबकनाच्या वर्गाच्या आणि चौथ्या घाताच्या सरासरींवरून काढलेली संख्या) काढा. रेघा एकमेकींना कुठे छेदतात ते बघा, किंवा प्रत्येक रुंदीचं बदलाचं तापमान एक भागिले रुंदी यापुढे मांडा आणि रेघ शून्यापर्यंत वाढवा. दोन्ही वाटांनी १.९५८ च्या जवळ पोहोचायला हवं. ४८ ची आकडेमोड सर्वांत जास्त वेळ खाईल, ती रात्री लावून ठेवा आणि दर काही हजार फेऱ्यांनी अवस्था फाइलमध्ये लिहायला विसरू नका. उन्हाळ्यात लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो.

आलेख तयार झाला की त्यावर २.२६९ आणि १.९५८ या दोन्ही उभ्या रेघा ओढा, आणि २.१ चा तुमचा जुना निकाल त्याच चित्रात, दोन रेघांच्या मध्ये, त्याच्या जागी ठेवा. ओढ ०.२५ साठीही एक संच करता आला तर फारच छान, मात्र तिथे १.९ च्या वर २४ रुंदी पुरणार नाही.